चपला कुठे काढायच्या?

कंबोडियात सिएम रीपला जायचं ठरलं तेव्हा आईने दोनच गोष्टी विचारल्या. तिथे आपला चहा मिळेल का आणि देवळात चपला कुठे काढायच्या. चहाची पुडी आणि भडंगाचा डबा बरोबर घेतला. चपलांचं मी हसण्यावारी नेलं.

पहाटे पाचला टुकटुकमधून उतरलो, तर अंगकोर वाटच्या खंदकापाशी ही जत्रा. एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, त्यावर आपला झोपाळलेला फोटो. लेक १२ वर्षांच्या आतली म्हणून फुकट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एवढा नियम होता. चपलांबद्दल अवाक्षर नाही. लोक बुटांसकट खुशाल आत. आई थबकली.

"अरे, देऊळच ना हे?"

बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनने विष्णूसाठी बांधलं, पुढे बौद्धांचं झालं, आता जगभरची माणसं बघायला येतात, असं मी सांगत बसलो. तिने कोल्हापुरी काढल्या आणि पिशवीत टाकल्या, भडंगाच्या डब्यावर.

देऊळ पश्चिमाभिमुख आहे, त्याचं तिला काहीच वाटलं नाही. आमची अंबाबाईही पश्चिमेलाच बघते. नोव्हेंबर होता, तिकडे किरणोत्सवाचे दिवस.

पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांचा विष्णू उभा आहे, माणसापेक्षा कितीतरी उंच, अंगावर केशरी वस्त्र. तिथले लोक त्याला 'ता रीच' म्हणतात आणि मनोभावे उदबत्त्या लावतात. पुढ्यात चटई, आणि चटईच्या कडेला स्लिपरा, टाचांचे सँडल, एका पोराचे चिमुकले बूट. आईने माझ्याकडे असं काही पाहिलं! मग पिशवीतल्या कोल्हापुरी बाहेर काढून त्या रांगेत नीट मांडल्या. अनवाणीच तर होती.

वरच्या मनोऱ्याकडे जाणारा जिना छातीवर येतो, आणि लहान मुलांना वर सोडत नाहीत. आम्ही दोघं चढलो. आजी-नात खाली समुद्रमंथनाच्या भिंतीपाशी. ते शिल्प चांगलं ४९ मीटर लांब. परत आलो तर लेकीची शंका: वासुकीच्या शेपटीकडे देवांच्या ओळीत माकड काय करतंय?

"मदतीला आलं असेल गं," आजी म्हणाली. "एवढा दोर ओढायचा म्हणजे माणसं लागतातच."

दुपारी परतताना पुलाचे दगड तव्यासारखे तापले होते. दहा पावलांत आईने पिशवी उघडली. डब्याचं झाकण निघून कोल्हापुरीत चिरमुरे भरलेले. तिने ते झटकून डब्याच्या झाकणात घेतले आणि चपला पायात सरकवल्या.

"आजी, देव पश्चिमेकडेच बघतोय. म्हणजे आपल्याकडेच!"

"बघू दे. इतकी वर्षं उन्हात उभाय, त्याला कळतंय."