आवडता लेखक दुसऱ्याच्या हाती देताना

‘वाचच, जबरदस्त आहे’ असं म्हणून सहाशे पानी पुस्तक कुणाच्या हातात ठेवलं, की ते त्याच्या घरी टीव्हीच्या कपाटावर धूळ खाणार हे ठरलेलं. मग वर्षभराने आपण ते लाजत लाजत परत मागायचं. यात बहुतेक वेळा लेखकाचा काही दोष नसतो. दिलेलं पहिलं पुस्तक चुकलेलं असतं.

आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक पहिल्यांदा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ते आपल्याला भिडतं तेव्हा त्या लेखकाची तीन-चार पुस्तकं आपल्या पचनी पडलेली असतात, त्याची भाषा ओळखीची झालेली असते. नवख्याकडे ती शिदोरी नसते. त्याला दीडशे पानांच्या आतबाहेरचं, सुट्या कथांचं किंवा सुट्या माणसांचं पुस्तक द्यावं, म्हणजे कुठेही थांबलं तरी काहीतरी पुरं वाचल्याचं समाधान मिळतं. व्यंकटेश माडगूळकर द्यायचे तर आधी ‘माणदेशी माणसं’, मग ‘बनगरवाडी’. भालचंद्र नेमाडे द्यायचे तर १९६३ची ‘कोसला’ आधी. २०१०ची ‘हिंदू’ तिच्या जाडीमुळेच पुढे ढकलावी. ‘कोसला’ देतानाही एक सूचना करून ठेवावी: सुरुवातीला गोष्ट शोधत बसू नका, सांगणाऱ्याचा सूर धरा. एवढं न सांगितल्यामुळे ‘यात घडतच काही नाही’ म्हणून पुस्तक परत आलेलं बऱ्याच जणांनी पाहिलं असेल.

नाशिककरांना सुरुवातीला लेखक शोधायला लांब जायची गरज नाही. पण घरचे म्हणून त्यांनाही कसंही पुढे करून चालत नाही.

कुसुमाग्रजांचंच घ्या. मराठी भाषा गौरव दिन आला, २७ फेब्रुवारी, की लोक ‘विशाखा’ भेट देतात. १९४२चा हा संग्रह थोर आहेच, पण त्यातली संस्कृतप्रचुर शब्दकळा आजच्या कॉलेजातल्या मुलाला पहिल्या पानावरच अडवते. त्याच्यासाठी ‘कणा’ या कवितेपासून सुरुवात करावी. साधी बोलभाषा, दोन मिनिटांत वाचून होते आणि मोठ्याने वाचली तर समोरचा हमखास गप्प होतो. ‘विशाखा’ नंतर स्वतःहून मागितली जाते. वाचनालयात शोधताना आणखी एक लक्षात ठेवायचं: कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाखाली सापडतील, नाटकं ‘शिरवाडकर, वि. वा.’ या नावाखाली. एकाच नावाने यादी पाहिली तर अर्धा लेखक हुकतो.

‘नटसम्राट’ एकट्याने मनात वाचायला देऊ नये. नाटक कागदावर कोरडं वाटतं, कारण रंगसूचना आणि पात्रांची नावं मध्ये मध्ये अडथळा आणतात. चार-पाच जणांनी भूमिका वाटून घ्याव्यात, रंगसूचना वाचायला एक माणूस वेगळा ठेवावा आणि एका बैठकीला एकच अंक घ्यावा. स्वगतं सगळ्यांना तोंडपाठ असतात म्हणून तेवढीच वाचायचा मोह होतो, तो टाळावा. सुना-मुलांबरोबरचे साधे घरगुती संवाद आधी कानावर पडले नाहीत, तर स्वगत नुसतं भाषण होतं. हीच पद्धत वसंत कानेटकरांच्या नाटकांनाही लागू पडते. ते एचपीटी कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे नाशकातल्या ज्येष्ठांच्या बैठकीत त्यांचं नाव काढलं की वाचन बाजूला राहून आठवणीच सुरू होतात. हरकत नाही, पण आधी वाचन, मग आठवणी.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मात्र कुणालाही द्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या बाईंचा जन्म १८६८चा, औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही, आणि गद्य असं की आजही एक वाक्य जुनं वाटत नाही. सुरुवातीलाच वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाचं वर्णन आहे. घराला छळणारी ती गोष्ट बाई इतक्या सरळ चेहऱ्याने सांगतात की ऐकणारा आधी हसतो आणि हसल्याबद्दल मग त्याला ओशाळायला होतं. तेवढा भाग वाचून दाखवला की काम झालं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांच्या ख्रिस्ती धर्मांतराचा भाग, म्हणजे १८९५च्या आसपासचा, मात्र घाईत उरकू नये. त्याला स्वतंत्र बैठक द्यावी. विकत घेताना मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ लिहिलंय का ते बघून घ्या. संक्षिप्त आवृत्ती नवख्याला चालते, पण पुढे पूर्ण वाचल्याशिवाय राहवत नाही आणि मग दोनदा पैसे जातात.

बाबुराव बागुलांबद्दल थोडं सावधपणे सांगायला हवं. नाशिकरोडजवळच्या विहितगावचा हा लेखक. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३चा. शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून राहतो, आणि ती उघडी पडेल या भीतीचा ताण शेवटच्या ओळीपर्यंत उतरत नाही. संग्रह सलग वाचायला सांगू नये. एका वेळी एकच कथा. बैठकीत घेणार असाल तर ती शेवटी ठेवा आणि तिच्यानंतर लगेच कुणाला विनोदी उतारा वाचायला लावू नका. दोन्ही वाया जातात. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची गाणी आधी ऐकवावीत, छापील शब्द नंतर दाखवावेत. उलटं केलं तर चालीचं बळ हरवतं आणि वाचणाऱ्याला नुसती यमकं दिसतात.

आता एकत्र वाचनाच्या बैठकीचंच. आठ ते बारा माणसं पुष्कळ झाली. एका वेळी सहा जणांनी आपापला लेखक मांडायचा, प्रत्येकाला बारा मिनिटं: दोन मिनिटं लेखकाची ओळख, आठ मिनिटं वाचन, दोन मिनिटं ‘मला हे का आवडतं’. मधल्या गप्पा धरून दीड तासात आटोपतं. नेहमीच्या आकाराच्या मराठी पुस्तकात एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात आणि नीट, ऐकू जाईल असं वाचलं तर एका पानाला अडीच मिनिटं लागतात. म्हणजे आठ मिनिटांत तीन पानं, त्याहून जास्त नाही. लोक दहा पानांवर खुणा करून येतात आणि मग धापा टाकत वाचतात. घरी एकदा मोठ्याने वाचून, घड्याळ लावून, कुठे सुरू आणि कुठे बंद हे पेन्सिलीने टिपून आणावं. शेवट सांगायचा नाही, सारांश तर मुळीच नाही. सारांश ऐकला की ऐकणाऱ्याला पुस्तक वाचून झाल्यासारखंच वाटतं आणि तो ते पुन्हा हातात धरत नाही.

बैठक हमखास बिघडते ती लेखकाच्या चरित्राने. जन्मगाव, पुरस्कार, ‘मी त्यांना एकदा भेटलो होतो’ यातच वीस मिनिटं जातात आणि लेखकाची एक ओळ कानावर पडत नाही. ओळखीची दोन मिनिटं संपली की कुणीतरी स्पष्ट टोकायला हवं. हे काम शक्यतो वयाने मोठ्या माणसाकडे द्यावं, त्यांच्या टोकण्याचा कुणी राग मानत नाही. आणि ज्याचं वाचून दाखवलं ते पुस्तक तिथेच, त्याच संध्याकाळी कुणाला तरी द्यायला सोबत हवं. ‘पुढच्या वेळी आणतो’ म्हटलं की उत्साह तोवर विरलेला असतो.

पुस्तकं आणायची कुठून? टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४०पासूनचं आहे; अनामत आणि वर्गणी भरून सभासद होण्याएवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना नाशकातच सुरू झाली. तिच्यात पुस्तकांची पेटी एखाद्या गटाकडे येते आणि ठरावीक काळाने बदलली जाते. पेटीचा फायदा असा की आपल्या आवडीबाहेरचे लेखक आपसूक समोर येतात. दिवाळी अंकही विसरू नका. एका अंकात पंधरा-वीस लेखक चाखायला मिळतात. ज्याची कथा आवडली त्याचं नाव अंकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचं आणि वाचनालयात त्याचं पुस्तक मागायचं.

स्वतःचं पुस्तक उसनं देताना एक वही ठेवा: पुस्तक, कुणाला, तारीख, परत. देताना पुस्तक हातात घेतलेल्या माणसाचा मोबाइलवर फोटो काढला तर वहीचीही गरज नाही. मुदत तीन आठवडे, आणि एका वेळी एकच पुस्तक. दोन दिली की दोन्ही पडून राहतात. साठीपुढच्या माणसाला देण्याआधी टाइप बघा. जुन्या स्वस्त आवृत्त्यांचा बारीक, फिकट ठसा हे वाचन सुटण्याचं मोठं कारण असतं आणि ते कुणी बोलून दाखवत नाही.

नवं जाड पुस्तक देणार असाल तर आधी ते मोकळं करून द्या. आजकाल बहुतेक पुस्तकांची पानं शिवत नाहीत, कण्याला गोंदाने चिकटवतात. मधोमध फाडकन उघडलं की गोंद तडकतो आणि पानांचा गठ्ठा सुटतो. पुस्तकाचा कणा टेबलावर टेकवून उभं धरायचं, दोन्ही पुठ्ठे बाजूला आडवे करायचे, मग पुढून पाच-दहा पानं, मागून पाच-दहा पानं, असं हलकेच दाबत मध्यापर्यंत यायचं. सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, कागदही खराब करते. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढून ठेवा, नाहीतर ओल थेट मागच्या रांगेत उतरते आणि कसर लागते.

पुस्तक परत आलं की ‘आवडलं का?’ विचारू नये. परीक्षा घेतल्यासारखं वाटतं आणि लोक खोटं बोलतात. ‘कुठपर्यंत आलात?’ एवढंच विचारा. तिसाव्या पानावर थांबलेत म्हणाले तर वाद न घालता पुस्तक ठेवून घ्यायचं आणि त्याच लेखकाचं वेगळ्या प्रकारचं काहीतरी द्यायचं: कादंबरी जमली नाही तर कथा, कविता जमली नाही तर ललित. तेही परत आलं तर लेखक बदला.