एकाच स्थळाची दोन्हीकडून चौकशी

डिटेक्टिव्हचं ऑफिस काढायला लायसन कुठलं लागतं, हे बेळगावात मला कुणी धड सांगू शकलं नाही. कारण तसं लायसनच नाही. सिक्युरिटी गार्ड पुरवायचे तर 2005 चा कायदा आहे. डिटेक्टिव्हांसाठीचं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत आलं, त्याचा कायदा काही झाला नाही. मग दुकानांसाठीची नोंदणी केली, नियमाप्रमाणे 60 टक्के कन्नडचा बोर्ड लावला आणि टिळकवाडीत बसलो.

इकडे काम म्हणजे मुख्यतः लग्नाआधीची चौकशी. खानापूरकडचे एक काका आले. मुलगा चंदगडचा, नोकरी पुण्यात, जमीन दोन्ही राज्यांत. काकांना आधी हवे होते मुलाचे कॉल रेकॉर्ड. सगळ्यांनाच तेच हवे असतात, टीव्हीची कृपा. ते मिळवायला गेलेले डिटेक्टिव्ह आत गेलेत, हे पटवण्यात अर्धा तास जातो.

जमिनीचं काम मात्र माझ्या आवडीचं. चंदगडच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्का'त सोसायटीचा बोजा बघायचा. बेळगाव तालुक्यातल्या तुकड्याचा उतारा कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या जमीन नोंदींच्या साईटवर, सगळा कन्नडात. कर्ज तिथं अकराव्या रकान्यात. आजोबांचं नाव एकीकडे मराठी वळणाचं, दुसरीकडे कन्नड वळणाचं, आडनावाच्या जागी कधी गावाचं नाव. जुने फेरफार काढून हा एकच माणूस, हे जुळवायचं. पुण्या-मुंबईच्या चकचकीत एजन्सीला हे जमायचं नाही, लिहून देतो. पीककर्ज निघालं, ते कुणावर नसतं? पण जमीन चुलत्यांशी सामाईक होती, वाटणी झालेलीच नव्हती. स्थळ सांगताना सगळी मुलाच्या नावावर सांगितली होती.

रिपोर्ट टाईप करत असताना एक वयस्क गृहस्थ आले. "एका पोरीची चौकशी करायची हाय ओ. गुपचूप." नाव सांगितलं. काकांचीच मुलगी! हे मुलाचे मामा.

वकिलाला अशा वेळी कुठल्या बाजूनं उभं राहायचं ते ठरलेलं असतं. आम्हाला कोण सांगणार? हो म्हणणं शक्य नव्हतं, आणि नाही म्हटलं की का ते कळणार. "मामा, सध्या हातात कामं लई हाईत," म्हणालो.

मामा थोडं थांबले. "म्हंजे पोरीकडचे आदी येऊन गेले म्हणा की." मी चहा सांगितला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "जमिनीचं बघितलासा न्हवं? वाटणी व्हायची हाय अजून. तेवढं सांगा त्यांना. आमच्या तोंडातनं निघंना झालंय."

रिपोर्टमध्ये मी उताऱ्यावरून निघालं तेवढंच लिहिलं, मामांचा उल्लेख केला नाही. बायकोचं म्हणणं, काकांना खरं तर तेच कळायला हवं होतं. ज्या घरातला माणूस आपणहून खरं सांगतो, तिथं पोरगी द्यायला काय हरकत? असेल. पण मामा ते सांगायलाच आले होते, की आता लपत नाही म्हटल्यावर बोलले?