तेल्याचा बँड

आमच्या सांगोल्याकडे डाळिंबवाल्याला दोनच भीत्या. एक पाण्याची, दुसरी तेल्याची. पाणी आटलं तर टँकर तरी लावता येतो. तेल्या म्हणजे झँथोमोनास या जीवाणूचा रोग. आधी पानावर तेलकट ठिपके दिसतात, मग फळावर, आणि शेवटी फळ इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखं तडकतं. मृग बहाराचं फळ पावसात पोसतं, म्हणून मार त्यालाच जास्त. मी नववीत असताना आप्पांनी अख्खा मृग बहार तोडून खड्ड्यात ओतला होता. त्यानंतर ते पावसाळ्यानंतर धरायच्या हस्त बहाराकडे वळले आणि मी, का कोण जाणे, जीवशास्त्राकडे.

एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा दिली. दोनदा द्यावी लागली. पहिल्या विभागात बारावीपर्यंतचे साठ प्रश्न, त्यात भौतिकशास्त्र आणि गणितसुद्धा, आणि मी तर दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला. चुकलं की अर्धा गुण जातो हे माहीत असूनही पहिल्या वर्षी सगळे गोळे काळे केल्यासारखी उत्तरं देत सुटले. दुसऱ्या वर्षी एवढंच बदललं: येत नाही ते सोडायचं. गणितातलं लॉगरिदम, संभाव्यता आणि थोडी संख्याशास्त्राची तयारी केली, बाकीचं देवाला वाहिलं. खरी परीक्षा दुसऱ्या विभागात असते. तिथे शंभरातले साठ प्रश्न आपण निवडायचे, प्रत्येकाला तीन गुण, चुकलं की एक वजा. निवड करायची सवय नसेल तर माणूस वाचण्यातच तास घालवतो. या परीक्षेतून प्रवेश मिळाला की महिना ५,००० रुपये विद्यावेतन मिळतं. पुण्यात त्यात मेस आणि कॉटचं भाडं जेमतेम भागायचं, पण घरून मागावं लागलं नाही, हे मला मोठं वाटायचं.

गावात मात्र बायोटेक म्हणजे बीटी. शेजारच्या काकांनी पेढा खाता खाता विचारलं, "मग बीटी डाळिंब कधी काढतीस?"

पहिल्या तीन सेमिस्टरबद्दल सांगण्यासारखं थोडंच. पाठांतर भरपूर, प्रॅक्टिकलला एका मायक्रोपिपेटमागे चौघं. शिकायला लागले ते चौथ्या सेमिस्टरला, प्रकल्पात. विषय मीच मागून घेतला: डाग दिसायच्या आधी पानात तेल्याचा जीवाणू पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, सापडतो का. मॅडम म्हणाल्या, "डाळिंबाचं पान घेतेयस, त्रास देईल."

आप्पा पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यात घालून, ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायचे. मी स्वारगेटला डबा घ्यायला उभी. लॅबमध्ये पान खलात वाटायचं, पेशी फोडणाऱ्या सीटॅबच्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवायचं, क्लोरोफॉर्म घालून फिरवायचं, वरचा थर अलगद काढून त्यात अल्कोहोल घालायचं. मग डीएनए पांढऱ्या धाग्यासारखा खाली बसतो, असं पुस्तकात असतं. माझा चहासारखा तपकिरी यायचा. डाळिंबाच्या पानात टॅनिनं आणि पॉलिफिनॉलं ठासून भरलेली. पेशी फुटली की ती काळवंडतात, डीएनएला चिकटतात आणि पुढे पीसीआरमध्ये प्रती काढणाऱ्या टॅक एन्झाइमलाही काम करू देत नाहीत. पीसीआर झाला की त्यातला डीएनए जेलच्या वडीत विजेने पळवायचा; जीवाणू असेल तर पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. महिना-दीड महिना जेलवर शिडीशिवाय, म्हणजे मापासाठी लावलेल्या ओळखीच्या डीएनएच्या पट्ट्यांशिवाय, काही नाही. (लॅडरला आम्ही शिडीच म्हणायचो. निदान ती तरी दिसायची.)

सुटका झाली ती दोन साध्या गोष्टींनी. मी आप्पांना डाग असलेली जून पानं मागत होते. पीएच.डी. करणाऱ्या एका ताई म्हणाल्या, "कोवळी पालवी मागव, आणि द्रावणात पॉलिफिनॉलं धरून ठेवणारं पीव्हीपी वाढव." दुसरं म्हणजे डीएनए दहापट पातळ करून टाकायचा. नाहीच्यातलं आणखी कमी करायचं हे मला पटेना. पण पातळ केल्यावर अडथळा आणणारं द्रव्यही दहापट कमी होतं, आणि पीसीआरला डीएनए किंचितसाच लागतो. त्या रात्री साडेनऊला पहिला बँड दिसला. मी फोटो काढून थेट आप्पांना पाठवला, मॅडमना नंतर.

मॅडमनी एकच विचारलं, "निगेटिव्ह कंट्रोल?"

तो मी लावलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी लावला, म्हणजे डीएनएच्या जागी नुसतं पाणी. पाण्यातही बँड! ज्या पिपेटने जेल भरायचे त्याच पिपेटने पुढची मिश्रणं करत होते. आधीच्या पीसीआरचा माल पिपेटमधून पाण्याच्या बाटलीत गेला होता. सगळं फेकलं, नवीन पाणी छोट्या नळ्यांत वाटून ठेवलं, पिपेट वेगळं केलं, मिश्रण करायची जागाही बदलली. तीन आठवडे गेले. रडायला आलं ते प्रयोगासाठी नव्हे, आप्पांनी तो फोटो अर्ध्या गावाला दाखवला होता म्हणून.

शेवटी पाण्याची रांग कोरी आणि पानाच्या रांगेत बँड, असं जेल मिळालं. तीनदा मिळालं. मग फोन केला.

"सापडला म्हंतीस, बरं झालं," आप्पा म्हणाले. "पन कंच्या झाडात?"

माझ्या नळीवर तारीख होती. झाड नव्हतं. दहा झाडांची पालवी मी एकाच पिशवीत मागवली होती आणि एकत्र वाटली होती. लॅबच्या दृष्टीने तो 'नमुना' होता. आप्पांच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य.

पुढच्या डब्यात बारा छोट्या पिशव्या आल्या. प्रत्येकीवर निळ्या पेनाने, आप्पांच्या तिरक्या अक्षरात, ओळ आणि झाड. अकरा कोऱ्या निघाल्या. सातवी ओळ, चौथं झाड, त्यात बँड.

आप्पा फोन चालू ठेवूनच बागेत गेले. बराच वेळ नुसता पानांचा आवाज. मग म्हणाले, "डाग तर एक बी न्हाई गं. थांब, खालच्या फांद्या बघतो."