कोरस नसलेला बुवा

मे संपत आला की आमच्या धंद्याची आवराआवर सुरू होते. लग्नं उरकलेली असतात, जत्रा तर कधीच झालेल्या. शेवटची एखादी डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, झाली की स्पीकरचे बॉक्स पुसून प्लॅस्टिकात बांधायचे. वूफरच्या कागदी कोनला पावसाळ्यातली ओल लागली तर गणपतीत बॉक्स फरफरलाच म्हणून समजा. मालवण तालुक्यात अठरा वर्षं मी माईक-स्पीकर लावतोय, दोन जोड्या अशाच घालवल्यात.

बांधण्याआधी प्रत्येक बॉक्स वाजवून बघतो. यंदा देवळाच्या सभामंडपातच बसलो होतो. एरवी ढणढण बेसचं एखादं गाणं लावतो. त्या दिवशी मोबाईल जोडला आणि त्यावर आधीच अर्धवट राहिलेलं होतं तेच सुरू झालं. एक गिटार, एक गळा आणि त्यावर धो धो इको.

गाणारा डेव्ह बिक्सबी. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा, ग्रँड रॅपिड्सकडचा. फेब्रुवारीत एका कार्यक्रमावरून रात्री दोनला टेम्पोतून येताना यूट्यूबनं तो आपणहून माझ्या गळ्यात मारला, तेव्हापासून सुटत नाही. पोरगा एलएसडीच्या नशेपायी पार वाया गेला होता. त्यातून उठला तो येशूला धरूनच, आणि 1969 साली त्यानं 'ओड टू केत्झालकोआटल' ही रेकॉर्ड केली. पहिलंच गाणं 'ड्रग साँग'. झालेली वाताहत आधी सांगून टाकायची, देव मागाहून.

केत्झालकोआटल म्हणजे मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांचा पिसांचा नागदेव. येशूच्या भजनांना नागदेवाचं नाव! घरामागच्या राखणदार देवाला नारळ देणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचं फार काही वाटलं नाही, पण चर्चमधल्या माणसांना काय वाटलं असेल कोण जाणे.

त्या काळात अमेरिकेत केस वाढवलेली पुष्कळ पोरं येशूकडे वळत होती. 1971 च्या जूनमध्ये 'टाइम' मासिकानं त्यांच्यावर मुखपृष्ठ काढलं. लॅरी नॉर्मन हा त्यातला गाजलेला गडी. त्याची 'अपॉन धिस रॉक' त्याच 1969 सालची, पण ती कॅपिटलसारख्या बड्या कंपनीनं काढलेली. बिक्सबीची खाजगीत छापलेली, थोडक्या प्रती. पुढे कित्येक वर्षांनी जुन्या रेकॉर्डींच्या शौकिनांनी ती उकरून काढली आणि स्पेनमधल्या गेर्सन कंपनीनं परत छापली. म्हणून तर ती टेम्पोत माझ्यापर्यंत पोचली.

आपापल्या मातीतली चाल घेऊन येशूला आळवणं आपल्याकडे जुनंच आहे. रेव्हरंड टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले, 1895 साली ख्रिस्ती झाले आणि नंतरही अभंगच लिहीत राहिले. टिळकांचा अभंग आमच्या कुठल्याही बुवाला दिला तर तो पेटी ओढून घेऊन सुरू करील, पखवाजवाला ठेकाही धरील. बिक्सबीला कुठे ठेका धरणार? मी पखवाजावर हात टाकून बघितला. दोन ओळींत हात आपोआप थांबला.

आता इकोबद्दल बोलतो, कारण तो माझा प्रांत. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे 17 मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. एवढ्यानं गळा भरदार वाटतो. कोकणातल्या प्रत्येक बुवाला हे पक्कं ठाऊक, म्हणून माईकसमोर बसल्या बसल्या पहिलं वाक्य 'इको वाढव रे'. मीही बटण फिरवतो. बटणाची खूण घड्याळातल्या दोनच्या जागी येईपर्यंत ठीक. त्यापुढे शब्दांचा चिखल होतो आणि बुवा शिवी देतोय की अभंग म्हणतोय ते मागच्या रांगेला कळत नाही. बिक्सबीचा इको मी असतो तर अर्ध्यावर आणला असता. त्याचा आवाज एखाद्या रिकाम्या घराच्या माजघरातून यावा तसा येतो. ओळ संपते, ती फिरून त्याच्याकडेच येते, आणि तोवर तो पुढची घेतो.

सभामंडपात पायरीवर आमच्या वाडीतले आबा बसले होते. ऐंशी पार, जन्मभर भजनात झांज वाजवलेली. इंग्रजीचा गंध नाही. बराच वेळ ऐकून म्हणाले, "झिला, ह्यो कोण? कोणाक हाक मारता?"

"अमेरिकेचो बुवा, आबा. येशूचा भजन म्हणता."

"मगे कोरस खंय गेलो?"

मी गप्प. फेब्रुवारीपासून मला जे नेमकं सांगता येत नव्हतं ते हेच. आमच्याकडे बुवानं ओळ टाकली की मागचे वीस गळे ती उचलतात. बुवाचा स्वर चुकला तरी झाकला जातो, दम संपला तर तेवढ्यात पाणी पिता येतं. गजराला तर बुवा कोण हेच विसरायला होतं. बिक्सबी ओळ टाकतो आणि ती उचलायला इकोशिवाय कोणी नाही. गंमत म्हणजे तेव्हा तो गावातल्या एका धार्मिक गटात होता, त्यांच्यात गायचाही. माणसं होती आजूबाजूला. पुढे तो त्यातून बाहेर पडला. 1970 ची 'हार्बिंजर' नावानं आलेली दुसरी रेकॉर्डही ऐकली मी. ती बरी आहे, पण मला लागली नाही.

आबांनी मला बॉक्स बंद करू दिला नाही. 'वेटिंग फॉर द रेन्स' लागलं तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं की हे पावसाची वाट बघण्याचं आहे. ते आभाळाकडे बघून म्हणाले, "त्येका सांग, सात जूनपर्यंत थांब." आणि झांज नसलेल्या हातानं गुडघ्यावर ताल धरला. धरला कसला, शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मोसमातली शेवटची डबलबारी. मला काय अवदसा आठवली, दुसऱ्या बाजूच्या बुवाचा इको मी पार शून्यावर आणला. म्हटलं, नुसता गळा ऐकू या. बुवानं पहिली ओळ घेतली, थबकला, माईकवर दोनदा टिचकी मारली आणि भर मंडपात माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "अरे, इको खंय गेलो?"

दिला वाढवून. पण माझ्या पैशातले दोनशे त्यानं कापून घेतलेनच.