मारुतीला तेल

पोह्यांच्या ठेल्यावर तर्री ओतून घेत असतो आणि शेजारी एखादी जुनी ऑम्नी येऊन लागते. तिचा मालक माझ्या गाडीकडे बघत हमखास विचारतो, "काका, मागचा आवाज गेला कसा? आणि तो डिफरेंशियलचाच होता हे कळलं कसं?" डिफरेंशियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा, इंजिनाचा जोर चाकांना वाटून देणारा. आमची मारुती ऑम्नी 2003 ची. मागच्या उन्हाळ्यापर्यंत ती चौकाच्या अलीकडूनच ओळखू यायची, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण पहिल्या दोन महिन्यांत मला काहीही कळलं नव्हतं.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो रामटेकहून परतताना. वेग पन्नासच्या वर गेला की मागून 'हूंऽऽ' असा लांबलचक सूर. बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "मागे कोणी तंबोरा ठेवलाय का?" मी काच वर केली.

मग एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी गाडी चालवून न बघताच मागच्या चाकांची बेअरिंगं बदलली. आवाज होता तिथेच. कोणी म्हणालं, 90 च्या जागी 140 नंबरचं गिअर ऑइल टाका. टाकलं. दाट तेलानं सूर थोडा दबला, पण मे महिन्यातल्या उन्हात लांब गेलो की गरम होऊन तेल पातळ व्हायचं आणि सूर परत लागायचा. जुनी गाडी विकताना आवाज दबावा म्हणून डिफरेंशियलच्या डब्यात लाकडाचा भुसा भरायची युक्तीही एकानं मला मोठ्या प्रेमानं सांगितली. असल्या माणसाकडून गाडी घेऊ नका, एवढंच त्यातून शिकलो.

शेवटी रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, वर्धा रोडला निघालो ते फक्त ऐकायला. टायरचा आवाज ओळखायला नागपूरकराला वेगळी शाळा नको. सिमेंटच्या रस्त्यावर टायर गरजतात, डांबरावर उतरले की नरमतात. माझा सूर दोन्हीकडे सारखाच, म्हणजे टायर सुटले. गाडी बाजूला उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन तेवढंच फिरवलं, सूर नाही. इंजिनही सुटलं. मोकळ्या जागी गाडी सावकाश डावी-उजवीकडे झुलवली. चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं तर वजन एका अंगाला पडल्यावर घरघर कमी-जास्त झाली असती. (हे आधी केलं असतं तर दोन बेअरिंगांचे पैसे वाचले असते.) उरला माझा पाय. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर चढे, पाय उचलला की खालच्या पट्टीत घरघर लागे. पायाबरोबर बदलणारा आवाज तिथूनच येतो जिथे इंजिनाचा जोर चाकांकडे वळतो, म्हणजे क्राउन-पिनियन (डिफरेंशियलमधलं मोठं चक्र आणि त्याला फिरवणारं लहान गिअर) आणि त्यांची बेअरिंगं. तुमच्या गाडीत पाय टाकताना-उचलताना 'टण्' वाजत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे) बघा. फक्त वळणावर कटकट होत असेल तर डिफरेंशियलच्या आतले लहान गिअर.

एवढी तयारी करून कामठी रोडवरच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. ते स्वतः मागे बसले, मला चालवायला लावलं. पूर्ण फेरीत एक शब्द नाही. परतल्यावर गाडीखाली शिरले, तेल भरायचा बोल्ट काढून आत करंगळी घातली. तेल भोकाच्या काठाशी लागायला हवं. करंगळी कोरडी.

"पार्किंगमंदी तेल पडते का?"

"थोडं पडतं. मी पुठ्ठा ठेवतो खाली."

मिस्त्री बाहेर आले. "गाडी तेल मांगून राहिली होती भाऊ, तुमी तिले पुठ्ठा देल्ला."

झालं होतं ते असं. प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडलेला असतो तिथलं पिनियनचं ऑइल सील (तेल अडवणारी कडी) फाटलेलं. तेलाची पातळी उतरली की पहिला उपास पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला घडतो, कारण क्राउन फिरताना जे तेल उडवतं त्यावरच ते जगतं. शिवाय या जातीच्या गिअरमध्ये पिनियन क्राउनच्या मध्याच्या खाली बसवलेलं असतं. दाते एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून त्यांना गंधकाचा वास मारणारं खास तेल लागतं. आमचं जुनं तेल ट्रेमध्ये उतरवलं तर उन्हात चंदेरी चमकत होतं. ती चमक बेअरिंगची होती.

काढण्यापूर्वी मिस्त्रींनी बाजूच्या बेअरिंगच्या टोप्यांवर पंचनं ठिपके मारले, डावीकडे एक, उजवीकडे दोन. त्यांची अदलाबदल चालत नाही. क्राउन-पिनियनचीही जोडी असते, एकाचं दुसऱ्याला लावता येत नाही. दात्यांची धार शाबूत होती, म्हणून जोडी जुनीच ठेवली. बेअरिंगं, सील आणि पिनियनवरचा दबणारा स्पेसर (दोन बेअरिंगांमधली नळी) नवा. हा स्पेसर एकदाच दबतो. नट थोडा कसायचा, पिनियनच्या फ्लँजला (तोंडावरच्या चकतीला) दोरी गुंडाळून, फिरवायला किती जोर लागतो ते स्प्रिंगकाट्यानं ओढून बघायचं, परत थोडा कसायचा. जास्त कसला गेला तर ढिला करून भागत नाही, पुन्हा नवा स्पेसर. यात अख्खी दुपार गेली आणि मी तीन चहा पाजले.

नंतर मिस्त्रींनी पुडीतून शेंदूर काढला, तेलात कालवला आणि ब्रशनं क्राउनच्या दात्यांना लावला. मारुतीला शेंदूर! मला हसू आलं, त्यांना नाही. पिनियन फिरवलं की जिथे दात टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो. पुसलेला डाग दाताच्या मध्यावर हवा. शेंड्याकडे गेला तर पिनियन लांब आहे, मुळाकडे गेला तर फार आत. पहिला डाग मुळाकडे आला. पिनियनचं अंतर ठरवणारी पातळ चकती, शिम, बदलली, पुन्हा सगळं उघडझाप, पुन्हा शेंदूर. दुसऱ्यांदा मध्यावर आला. मग डायल गेज लावून दोन दात्यांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आणली. शेंदरात शिसं असतं, त्यामुळे हात धुतल्याशिवाय त्यांनी विडीलाही हात लावला नाही.

आवाज पूर्ण गेला का? नाही. साठच्या आसपास पाय उचलला की बारीक सूर अजून येतो. जुन्या दात्यांना नवी बेअरिंगं दिली की एवढं राहतं, हे मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं. बायकोला तो ऐकू येत नाही, मला येतो.

पुठ्ठा मात्र टाकून दिला नाही. नवा आणलाय, पांढरा. रोज सकाळी गाडी काढताना वाकून बघतो. आजवर कोरडा आहे.