नाणं घ्यायच्या आधी मोडीचा भाव विचारला

वाशीच्या दलालाकडून आंब्याची शेवटची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आणि पैसे, आले की आमच्या घरी दरवर्षी तोच विषय निघतो, पैसे कुठे ठेवायचे. यंदा त्यात डोंबिवलीचा भाचा घुसला. त्याने एका परदेशी टांकसाळीच्या नव्या चांदीच्या नाण्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, एक औंस, ९९९ चांदी, नुकतंच निघालंय. दहा घेऊन ठेव. पुढच्या वर्षी डिझाइन बदललं की ह्यालाच भाव येईल."

नाणं देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पण काजूच्या बिया विकताना आणि आंब्याची पेटी पाठवताना मी इतकी वर्षं एकच पाहत आले आहे, की समोरचा काय भावाने घेतो. चांदीला तरी वेगळा नियम का लावायचा? म्हणून नवं नाणं घ्यायच्या आधी, घरात जी चांदीची नाणी होती ती पिशवीत घातली आणि रत्नागिरीच्या रामआळीत विकायला निघाले. विकायची नव्हती, फक्त भाव काढायचा होता.

पिशवीत दोन प्रकार होते. सासूबाईंचे लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये, आणि लेकाच्या मुंजीत आहेर म्हणून आलेलं वीस ग्रॅमचं नाणं, कंपनीच्या सीलबंद कार्डातलं, वर कमळाची नक्षी.

ओळखीच्या सराफांनी आधी कार्डातलं नाणं हातात घेतलं. "वहिनी, कार्ड फोडावं लागेल. मशीनवर ठेवल्याशिवाय मी भाव सांगत नाही." मी म्हटलं, कार्डावर शुद्धता लिहिलीय, नंबर आहे, सही आहे. ते हसले. "कार्ड छापायला कितीसा खर्च येतो? आणि कमळ छान आहे हो, पण मी ते आटवणार. आटवलेल्या कमळाचे पैसे कसे देऊ?"

ह्या एका वाक्यात माझं निम्मं काम झालं.

राणीछाप रुपयांची गंमत वेगळी. काचेच्या पेटीतल्या काट्यावर एक रुपया ठेवला, तर आकडा ११.४ च्या आसपास थांबला. नवा होता तेव्हा तो ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर एक तोळ्याचा असणार. हळदीकुंकू लावून आणि दर दिवाळीला चिंचेने घासून सासूबाईंनी आणि त्यांच्या सासूबाईंनी पाव ग्रॅम चांदी मोरीतून वाहून नेली! मशीनने टंच, म्हणजे शुद्धता, ९१ टक्क्यांच्या वर दाखवला, तो बरोबरच. व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असायची. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ ला रुपया निकेलचा झाला. आमच्या पिशवीत सहाव्या जॉर्जचे १९४४ चे दोन निघाले, ते सराफांनी अंगठ्याने बाजूला सरकवले. "ह्यांना निम्माच भाव." जुनं म्हणून जादा काही मिळत नाही का, असं विचारलं, तर म्हणाले, १९३९ चा असता तर मीच तुम्हाला चहा पाजला असता, तो दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फार. बाकीच्या सालांचे घरोघरी डबे भरलेत. शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या नाण्याला जर आटणीचाच भाव, तर गेल्या महिन्यात निघालेल्या नाण्याला दुर्मीळ म्हणून कोण जादा देणार?

तिथून आणखी दोन दुकानांत गेले. एका पेढीवर दुसऱ्यांचं नाणं घेतच नाहीत असं सांगितलं, स्वतःचं बिल असेल तरच. बँकेच्या ओळखीच्या मॅडमना फोन केला, तर बँका नाणी विकतात पण रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे परत विकत घेऊ शकत नाहीत, हे कळलं. म्हणजे कोकणात राहणाऱ्या माणसाला शेवटी आपल्या गावच्या सराफाचंच दार.

मग घरी येऊन वहीत मांडलं. भाव रोज हलतो म्हणून चांदी शंभर रुपये धरली. नव्या नक्षीचं, कार्डातलं नाणं मला ११५ ला सांगितलं होतं, त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ११८ च्या पुढे. तेच मोडीला, म्हणजे आटवायला, विकलं तर घट धरून ९६. चांदी साधारण तेवीस टक्के वाढेल तेव्हा कुठे मी मुद्दलात येणार. भाच्याच्या परदेशी नाण्याचा मुंबईचा भाव सगळं धरून १३० च्या वर जात होता, त्याचं काय बोलायचं! आणि आमच्या सराफांचं स्वतःचं साधं नाणं, एका बाजूला पेढीचा शिक्का आणि दुसऱ्या बाजूला वजन, ते १०३ अधिक जीएसटी, आणि त्यांच्याच बिलावर परत घेताना ९८. इथे आठ टक्क्यांत भागतं. जीएसटी मात्र कुठेही गेलात तरी परत मिळत नाही, तो गेलाच.

भाच्याला हे पाठवलं, तर त्याने अशी नाणी घ्या म्हणणाऱ्या परदेशी लोकांचे व्हिडिओ पाठवले. पाहिले. त्या लोकांचं त्यांच्या जागी चुकत नाही. अमेरिकेचं ईगल १९८६ पासून निघतंय, कॅनडाचं मेपल लीफ १९८८ पासून. तिकडच्या विक्रेत्यांना ही नाणी तोंडपाठ आहेत, नाणं म्हणूनच विकत घेतात, आटवत नाहीत. ब्रिटनचं ब्रिटानिया तिथलं कायदेशीर चलन असल्याने त्याच्या नफ्यावर तिथल्या माणसाला भांडवली नफ्याचा कर नाही. ह्यातलं काय रत्नागिरीत लागू होतं? नाण्यावर दोन पौंड लिहिलेत म्हणून रामआळीत कुणी एक रुपया जास्त देणार नाही. शिवाय दरवर्षी नक्षी बदलणं हे ऑस्ट्रेलियाच्या कूकाबुरासारख्या नाण्यांचं नेहमीचंच आहे, त्यात नवल नाही. साधी ईगल तर मागणी असेल तेवढी पाडतात. पहिल्या आठवड्यातली घाई ही विकणाऱ्याच्या सोयीची. एक गोष्ट मात्र भाच्यामुळे कळली: शाळेत शिकलेला औंस २८ ग्रॅमचा, पण चांदीचा औंस ३१.१ ग्रॅमचा. भाव ताडून पाहताना हे लक्षात ठेवावं लागतं.

शेजारच्या काकांनी तिसरंच सुचवलं, सरकारी टांकसाळीची स्मारक नाणी. मला ती मनापासून आवडतात, पण त्यांना चांदीची गुंतवणूक म्हणू नये. २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी काढलेलं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं आहे आणि त्यात चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल, जस्त. आटवायला गेलात तर साडेसतरा ग्रॅम चांदी. ज्याला संग्रह करायचाय त्याने जरूर घ्यावं, पाकिटासकट जपावं.

मुलगा म्हणाला, आई, एवढा खटाटोप कशाला, सिल्व्हर ईटीएफ घे, म्हणजे शेअर बाजारात मिळणारे चांदीच्या फंडाचे युनिट. आपल्याकडे ते २०२२ पासून आहेत, घडणावळ नाही, जीएसटी नाही, काळं पडायची भीती नाही. हिशोबाने त्याचंच बरोबर, आणि थोडे पैसे मी तिकडे टाकलेही. पण २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर चांदीची अशी टंचाई झाली की ईटीएफसुद्धा मूळ किमतीच्या वर विकले जात होते आणि काही फंडांनी नवे एकरकमी पैसे घेणं थांबवलं होतं. म्हणजे तिथेही भाव पाहूनच शिरावं लागतं.

लगड, म्हणजे चांदीची वीट, घ्यावी की नाणी, ह्यावर मात्र मी अडले होते, कारण लगडीला मजुरी आणखी कमी. तो प्रश्न रिझर्व्ह बँकेने सोडवला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत चांदीचे दागिने आणि नाणी तारण ठेवून कर्ज मिळू शकतं, नाण्यांना एका माणसामागे ५०० ग्रॅमची मर्यादा. लगडीवर नाही, ईटीएफवरही नाही. बागायतदाराला फवारणीच्या दिवसांत हातउसने मागायची वेळ येते, तेव्हा हे उपयोगी. म्हणून ५०० ग्रॅमच्या आत राहतील अशी साधी नाणी घेतली, सगळी एकाच पेढीची, बिलावर शुद्धता, वजन आणि मजुरी वेगवेगळी लिहून घेऊन. पैसे बँकेतून दिले. बिल जपायचं कारण कराचंही आहे: २४ महिन्यांनंतर विकली तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकली तर आपल्या उत्पन्नात मिळवून.

सगळी पट्टी मात्र चांदीत घातली नाही. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली होती, २०११ मध्ये पुन्हा तिथवर जाऊन कोसळली, आणि ती हद्द खरी ओलांडली २०२५ च्या ऑक्टोबरात. पंचेचाळीस वर्षं थांबायला माझ्याकडे वेळ नाही.

ठेवण्याचं सांगते, कारण आमच्या हवेत हे फार महत्त्वाचं. नाण्यांना रबरबँड लावायचं नाही, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. वर्तमानपत्रातही गुंडाळायची नाहीत. प्रत्येक नाणं कडक प्लॅस्टिकच्या डबीत, सगळ्या डब्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या, आणि मृगाच्या आधी त्या पुड्या बदलायच्या. काळी पडलीच तर साधी नाणी घासली तरी चालतात, हलक्या हाताने. स्मारक नाण्याला फडकंसुद्धा लावू नका, संग्राहक घासलेलं नाणं लगेच ओळखतो.

भाच्याने स्वतःसाठी ते परदेशी नाणं घेतलंच, दहाऐवजी एक. मी त्याला एवढंच सांगितलं, की विकायचं झालं तर रत्नागिरीला घेऊन येऊ नकोस, मुंबईत नाणी जमवणारे असतात त्यांच्यात विचार. सासूबाईंचे रुपये परत देव्हाऱ्याखालच्या डब्यात गेले, ते विकायचे नव्हतेच. १९४४ चे दोन तेवढे मी वेगळ्या पुडीत बांधले.