१९ संमतीपत्रांवरचा एक अंगठा

गेल्या हंगामात आम्ही करवीर तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या कामाचे तास, उन्हाचा त्रास आणि पिण्याच्या पाण्याची सोय यांचा अभ्यास करीत होतो. प्रकल्पाला अनुदान होते, नैतिकता समितीची मंजुरी मिळालेली होती आणि संशोधन नीतीचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे माझे प्रमाणपत्र प्रस्तावाला जोडलेले होते. जानेवारीतल्या एका संध्याकाळी संमतीपत्रे टोळीवार लावताना एका टोळीच्या १९ पत्रांवर मला एकच अंगठा दिसला. प्रत्येक जांभळ्या ठशाच्या मधून एक तिरपी पांढरी रेघ गेली होती. कधीकाळी कोयता लागून चिरलेल्या अंगठ्याचा तो ठसा होता. नावे मात्र १९ जणांची होती आणि त्यांत ९ बायका होत्या.

माहिती गोळा करणारा आमचा सहायक एम. ए. झालेला, कष्टाळू मुलगा आहे. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर त्याने सरळ सांगितले, "मॅडम, मुकादम म्हणाले, माणसं कामात हाईत, माझा अंगठा चालतोय." त्याच्या सांगण्यात लपवाछपवी नव्हती. फडात तास मोडला की तेवढा ऊस कमी तुटतो, हे त्याला दिसत होते. संमतीपत्र म्हणजे भरून आणायचा एक कागद, एवढेच त्याला माहीत होते, कारण त्याहून अधिक काही मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. प्रशिक्षण माझे झाले होते. फडात जाणार होता तो.

ऊसतोडीच्या व्यवहारात टोळी आणणाऱ्या मुकादमाचा शब्द किती जड असतो, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. बीडसारख्या दुष्काळी भागातून येणारी जोडपी हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि ती उचल फिटेपर्यंत दोघेही मुकादमाला बांधलेले असतात. अशा माणसाच्या देखत विचारलेल्या प्रश्नाला कामगार जे 'हो' म्हणतो, त्याला संमती म्हणता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत: समूहाच्या प्रमुखाची परवानगी घ्यावी लागली तरी ती प्रत्येक व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना प्रकल्पाशी संबंध नसलेला, साक्षर साक्षीदार हजर असावा लागतो. हे सारे मी वाचले होते, त्यावरच्या प्रश्नांची उत्तरेही बरोबर दिली होती.

दुसऱ्याच्या सहीने संमती घेण्याचा प्रकार आपल्या देशात याआधी घडलेला आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाची एचपीव्ही लस देण्याचा अभ्यास झाला, तेव्हा पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी अनेक संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. आमच्या अभ्यासात कुणाला सुई टोचायची नव्हती, हे खरे आहे. तरीही एखादी बाई पाण्याबद्दल, पाळीबद्दल, मुकादमाच्या वागण्याबद्दल काय सांगते, ते चुकीच्या माणसाच्या कानावर गेले तर पुढच्या हंगामात तिची उचल धोक्यात येऊ शकते.

मी नैतिकता समितीला लेखी कळवले, त्या टोळीची सगळी माहिती अभ्यासातून काढून टाकली आणि ज्यांच्या नावाने अंगठे उठले होते, त्यांना कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, जाऊन झाला प्रकार सांगितला. हे शेवटचे काम सर्वांत जड गेले. एका बाईंनी विचारले, "मग आमच्या नावावर काय लिवलं व्हतं?" त्यांना त्यांच्या नावाचा कागद वाचून दाखवताना माझी मान वर होत नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. तो आवश्यकच होता. मात्र त्याच्या सहा घटकांपैकी बहुतेकांचा भर प्रकाशनावर आहे: वाङ्मयचौर्य, फसवी नियतकालिके, सर्वांना मोफत वाचता येणारे (मुक्त प्रवेश) प्रकाशन, संदर्भांचे माहितीकोश, संशोधनाचे निर्देशांक. माणसांकडून माहिती घेताना संमती कशी मागावी, यासाठी त्यात स्वतंत्र घटक नाही. आणि रोजंदारीवर किंवा ठरावीक मानधनावर घेतलेला क्षेत्र-सहायक पीएच. डी. चा विद्यार्थी नसेल, तर तो त्या वर्गात बसतच नाही.

अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रशिक्षण-अनुदानांसाठी २००९ मध्ये जाहीर झालेला असा दंडक आहे की जबाबदार संशोधनाचे शिक्षण किमान ८ तासांचे आणि समोरासमोर चर्चा करून झाले पाहिजे, दर चार वर्षांनी निदान एकदा पुन्हा झाले पाहिजे, आणि केवळ संगणकावरचा अभ्यासक्रम पुरेसा धरला जाणार नाही. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०१० पासून विद्यार्थ्यांना लागू असलेली प्रशिक्षणाची अट २०२३ मध्ये प्राध्यापकांनाही लावली. समोरासमोर बसण्याचा हा आग्रह मला पूर्वी कागदी वाटायचा. आता पटतो, कारण पडद्यावरच्या चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडणे वेगळे, आणि मुकादम शेजारी उभा असताना "दादा, तुम्ही जरा त्या बांधाकडे थांबा, मला यांच्याशी एकट्याने बोलायचं आहे" असे म्हणण्याचे धैर्य गोळा करणे वेगळे. हे दुसरे काम सरावानेच जमते.

म्हणून आम्ही तो सराव केला. विभागाच्या एका खोलीत दोन दिवस एकाने मुकादम व्हायचे, एकीने कामगार बाई व्हायचे आणि तिसऱ्याने संमती मागायची. माहितीपत्रक आम्ही पुन्हा लिहिले. 'सहभागी' आणि 'गोपनीयता' हे शब्द काढून "तुमचं नाव आम्ही कुणाला सांगणार नाही, मुकादमालाही नाही, कारखान्यालाही नाही" असे सरळ वाक्य घातले. "नको म्हटलं तरी चालेल" हे वाक्य आधी शेवटच्या परिच्छेदात होते, ते पहिल्या ओळीत आणले. या नव्या पत्रकाला समितीची मंजुरी घेऊन फेब्रुवारीत आम्ही त्याच टोळीकडे पुन्हा गेलो. या वेळी संध्याकाळी, कोप्यांवर, चुली पेटल्यानंतर. गावातल्या एक आशाताई साक्षीदार म्हणून सोबत होत्या. १९ पैकी १२ जणांनी होकार दिला, ७ जणांनी नको म्हटले. नकार देणाऱ्यांत त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईही होत्या. सहायकाने त्यांना "बरं मावशी" म्हटले आणि तो पुढच्या कोपीकडे वळला.

नव्या प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात मी क्षेत्र-सहायकांच्या प्रशिक्षणासाठी वेगळी रक्कम मागितली आहे: दोन दिवस, मराठीतून, आणि त्या दोन दिवसांच्या मानधनासह.